शस्त्रपेटी, घरगुती

परवान्याने बाळगलेली बंदूक, पिस्तूल वा तत्सम अग्निशस्त्र परवानाधारकाखेरीज इतरांच्या हाती पडू नये म्हणून घरात पक्की बसविलेली, कुलूपबंद पोलादी पेटी वा कपाट. शस्त्रपेटी हा तिजोरीचाच एक प्रकार असला, तरी दोहोंच्या हेतूंत फरक आहे. तिजोरीला मुख्यतः चोरापासून रक्षण करावयाचे असते. शस्त्रपेटीला चोराबरोबरच घरातील मूल, पाहुणा तसेच क्रोधाच्या वा निराशेच्या भरात असलेली व्यक्ती यांच्यापासूनही शस्त्र दूर ठेवावयाचे असते. त्यामुळे पेटीची उपयुक्तता तिच्या पत्र्याच्या जाडीइतकीच, किंबहुना अधिक, ती कशाला जखडलेली आहे आणि तिची किल्ली कोठे आहे यांवर अवलंबून असते.

आवश्यकता : महाराष्ट्रातील ग्रामीण भागात पीकरक्षण व आत्मरक्षण ही बंदूक बाळगण्याची प्रमुख कारणे आहेत. यवतमाळ जिल्हा हे याचे चांगले उदाहरण होय. जिल्ह्याचा बराच भाग सागवानी जंगलाने व्यापलेला असून टिपेश्वर व पैनगंगा ही अभयारण्ये त्यात आहेत. पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, उमरखेड इ. तालुक्यांत शेते थेट वनाला भिडतात आणि कापूस, तूर, सोयाबीन, ज्वारी, हरभरा या पिकांची रानडुकरे व रोही (नीलगाय) मोठी नासाडी करतात. त्यासाठी शेतकरी रात्री शेतात जागल करतात. परवान्याची बंदूक असल्यास ती संध्याकाळी शेतावर जाते व पहाटे घरी परत येते. शस्त्राच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने पहाटेची ही वेळ सर्वांत नाजूक असते. रात्रभर जागलेला मनुष्य बंदूक भिंतीला टेकवून अथवा खाटेखाली सरकवून झोपतो आणि त्याच वेळी घरातील मुले जागी होतात. भिंतीवरील खुंटी, धान्याची कोठी, पोटमाळा वा कपड्यांचे लाकडी कपाट या शस्त्र ठेवण्याच्या रूढ जागा घरातील प्रत्येकाला ठाऊक असतात. म्हणून त्यांना सुरक्षित म्हणता येत नाही.

कायदा : ब्रिटिश अमदानीत १८७८ च्या भारतीय शस्त्र अधिनियमाने शस्त्र बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले. स्वातंत्र्योत्तर काळात त्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. सद्भावनेने केलेल्या पीकरक्षणासाठी ठासणीची बंदूक आणि ती अपुरी असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीची अन्य बंदूक, अशी तरतूद या अधिनियमात आहे. यवतमाळसारख्या जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी परवाना देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची सर्वसाधारण मर्यादा तीनवरून दोनवर आणण्यात आली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे करण्यात आली. शस्त्र नियम, २०१६ अन्वये शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी अर्जदाराकडून घेतली जाते. शस्त्र हरवल्यास वा चोरीस गेल्यास नजीकच्या पोलीस ठाण्यात तत्काळ कळविणे बंधनकारक आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. पिकांचे नुकसान करणाऱ्या वन्य प्राण्याला मारण्यासाठीही वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये प्राधिकृत अधिकाऱ्याची स्वतंत्र परवानगी लागते.

परदेशांतील नियम अधिक तपशीलवार आहेत. ब्रिटनमध्ये बंदुकीच्या कपाटांसाठी १९९२ चे बीएस ७५५८ हे मानक आहे. जर्मनीत २०१७ पासून नव्याने घ्यावयाच्या शस्त्रपेटीला ईएन ११४३–१ या यूरोपीय मानकातील किमान शून्य प्रतीची रोधक्षमता आवश्यक ठरविण्यात आली. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याच्या १९९६ च्या अधिनियमानुसार रिकाम्या पेटीचे वजन १५० किग्रॅ.हून कमी असल्यास ती सहज हलविता येणार नाही अशा रीतीने जखडावी लागते. या शेवटच्या नियमामागील तत्त्व सर्वत्र लागू पडते. हलकी, न जखडलेली पेटी म्हणजे चोराला शस्त्र उचलून नेण्यासाठी मिळालेले वेष्टनच होय. ती दूर नेऊन सवडीने फोडता येते.

रचना : चार्ल्स चब यांनी १८३५ मध्ये इंग्लंडमध्ये चोरीरोधक तिजोरीचे एकस्व घेतले. भारतात अर्देशीर गोदरेज यांनी मुंबईत १८९७ मध्ये कुलपांच्या निर्मितीस प्रारंभ केला व पुढे तिजोऱ्याही बनविल्या. तिजोऱ्यांसाठी भारतात आयएस ५५० हे मानक आहे. घरगुती शस्त्रपेटी सामान्यतः २ ते ४ मिमी. जाडीच्या, सांधे वितळजोडाने जोडलेल्या पोलादी पत्र्याची असते. दार चौकटीच्या आत बसणारे असावे, म्हणजे फटीत पहार घालण्यास वाव राहत नाही. बिजागऱ्या कापल्या तरी दार निघू नये म्हणून बिजागरीच्या बाजूसही आत अडसर असावे लागतात. बारा बोअरची बंदूक जोडलेल्या स्थितीत सु. १२० सेंमी. लांब असते, म्हणून पेटीची आतील उंची सु. १३० सेंमी. असणे सोयीचे ठरते. नळी व दस्ता वेगळे करून ठेवल्यास आखूड पेटी पुरते. ठासणीची बंदूक अशी चटकन सुटी होत नसल्याने तिच्यासाठी पूर्ण उंचीची पेटीच लागते. [→ कुलूप].

जागेची निवड : पेटी आतल्या खोलीत, रस्त्यावरून वा खिडकीतून दिसणार नाही अशा कोपऱ्यात ठेवतात. कोपऱ्यात दोन बाजूंना भिंती असल्याने पहार चालविण्यास जागा कमी मिळते. दाराची उघडण्याची बाजू शक्यतो भिंतीकडे यावी. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि पावसाचा मारा बसणारी पश्चिमेकडील भिंत टाळावी. तथापि जागा इतकी अडचणीचीही नसावी, की रोज पहाटे बंदूक परत ठेवण्याचा कंटाळा यावा; कारण न वापरलेली पेटी निरुपयोगीच ठरते. वरच्या मजल्यावर भाराचा विचार करावा लागतो. राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी भारतीय मानकात दर चौ. मी.ला सु. २०० किग्रॅ. हा उपयोगभार धरतात. ५० × ४० सेंमी. तळाच्या १२० किग्रॅ. वजनाच्या पेटीचा भार तिच्या तळापुरता दर चौ. मी.ला ६०० किग्रॅ. पडतो. तो आजूबाजूस वाटला जात असला, तरी पेटी स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळईजवळ वा भिंतीलगत ठेवणे इष्ट असते.

जखडण्याच्या पद्धती : पेटीच्या तळाला व पाठीला आतून बोल्ट घालण्याची छिद्रे असतात. नट वा बोल्टांची डोकी पेटीच्या आतच राहावीत; ती बाहेर राहिल्यास पान्याने सोडविता येतात. किमान चार बोल्ट वापरावेत. त्यांपैकी निदान दोन जमिनीत घेणे योग्य, कारण पेटी कलंडविण्याचा प्रयत्न त्यांच्यामुळे निष्फळ होतो. भोके पाडण्यापूर्वी भिंतीतील वीजवाहक नळ्या व पाण्याचे नळ कोठून गेले आहेत ते पाहावे. पाणसळ लावून पेटी समतल करावी व तळाखालील फटी पोलादी पट्ट्यांनी भराव्यात, अन्यथा चौकट पिळली जाऊन दार अडकते.

(१) सलोह काँक्रीट : १० ते १२ मिमी. व्यासाचे प्रसरण पावणारे अँकर बोल्ट काँक्रीटमध्ये ७५ मिमी. अथवा अधिक खोल बसवितात. भोकातील भुकटी पूर्णपणे काढली नाही, तर पकड बसत नाही. फरशीची जाडी या खोलीत धरू नये. फरशीवरून भोक पाडताना प्रथम आघात न देता गिरमिट चालवावे, म्हणजे ती तडकत नाही. स्लॅब पातळ असल्यास भोक आरपार जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

(२) विटांची भिंत : बोल्ट विटेच्या मध्यावर घ्यावा, सांध्यातील चुन्यात वा सिमेंटमध्ये नव्हे. प्रसरण पावणाऱ्या बोल्टाने वीट फुटण्याचा संभव असल्याने रासायनिक लुकण भरून बसविलेले बोल्ट अधिक चांगले. भिंतीच्या पलीकडील बाजूही घरातच असेल, तर आरपार बोल्ट घालून पलीकडे पोलादी पट्टी बसविणे सर्वांत भक्कम ठरते.

(३) मातीची भिंत : जिल्ह्यातील जुन्या कवेलूच्या घरांच्या भिंती पुष्कळदा मातीच्या अथवा मातीत रचलेल्या दगडांच्या असतात. अशा भिंतीत कोणताही बोल्ट टिकत नाही; चार-सहा हिसक्यांत तो मातीसह बाहेर येतो. येथे भिंतीचा आधार पूर्णपणे सोडून जमिनीत काँक्रीटचा ठोकळा ओतणे हाच खात्रीचा उपाय होय. पेटीच्या तळापेक्षा सर्व बाजूंनी सु. १५ सेंमी. मोठा खड्डा घेऊन त्यात सळ्यांची जाळी व वाकड्या टोकाचे पायाचे बोल्ट बसवितात आणि सिमेंट, वाळू व खडी १ : १·५ : ३ या प्रमाणात घेऊन काँक्रीट भरतात. बोल्टांची जागा हलू नये म्हणून पेटीच्या छिद्रांप्रमाणे आखलेली फळी वापरतात. ठोकळ्यावर किमान सात दिवस पाणी मारावे. त्याला अपेक्षित बळकटी २८ दिवसांनी येते.

काळ्या जमिनीचा प्रश्न : जिल्ह्याच्या मोठ्या भागात बेसाल्टापासून बनलेली काळी कापसाची जमीन आढळते. तीतील माँटमोरिलोनाइट गटातील मृत्तिका पावसाळ्यात पाणी शोषून फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. अशा जमिनीवर थेट ओतलेली पातळ फरशीबंदी दरवर्षी वर-खाली होते आणि तीत बसविलेले बोल्ट सैल होतात. म्हणून ठोकळ्याखालील काळी माती शक्य तितकी काढून तेथे मुरूम थराथराने धुमसून भरतात. पुरेसे उंच, मुरमाने भरलेले जोते असलेल्या घरात ही अडचण कमी भासते. दर पावसाळ्यानंतर व उन्हाळ्याच्या अखेरीस नट घट्ट आहेत की नाहीत हे पाहणे आवश्यक असते.

दमटपणा : जून ते सप्टेंबर या काळात बंद पेटीतील हवा दमट होऊन नळी गंजते. पेटी ओलसर भिंतीपासून जलरोधक कागदाने अलग करावी, तळाखाली रबरी पट्टी द्यावी व आत सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या वेळोवेळी तापवून कोरड्या कराव्यात. बंदूक चामड्याच्या वा कापडी आवरणात घालून पेटीत ठेवू नये, कारण आवरण ओल धरून ठेवते. शेतावरून भिजून आलेली बंदूक पुसून, तेलाचा हात देऊन मगच आत ठेवावी.

दारूगोळा : बंदूक पेटीत ठेवण्यापूर्वी ती रिकामी असल्याची खात्री करणे हा पहिला नियम होय. ठासणीच्या बंदुकीत बार भरलेला आहे किंवा नाही हे बाहेरून दिसत नाही. तोंडाच्या रेषेत न येता नळीत गज घालून व तो किती आत जातो हे रिकाम्या नळीच्या खुणेशी ताडून ते ओळखतात. काडतुसे वेगळ्या कुलपाच्या कप्प्यात अथवा वेगळ्या पेटीत ठेवतात. बंदुकीची दारू मात्र घट्ट बंद पोलादी पेटीत ठेवणे धोक्याचे असते. आग लागल्यास कोंडलेल्या वायूंच्या दाबामुळे स्फोट होतो. ती अल्प प्रमाणात, मूळ डब्यात, कुलपाच्या लाकडी पेटीत, चूल व टोप्या यांपासून दूर ठेवावी.

किल्ली : देवघर, दाराची चौकट, उशीखालची जागा इ. ठिकाणे घरातील मुले सहज शोधून काढतात. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी. दुसरी किल्ली मोहोरबंद पाकिटात बँकेच्या लॉकरसारख्या जागी ठेवावी. आकडी कुलपासाठी जन्मतारीख, वाहनाचा क्रमांक वा गट क्रमांक वापरू नये. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर पेटी वारसांच्या ताब्यात येते, पण शस्त्र बाळगण्याचा अधिकार त्यांना आपोआप मिळत नाही. त्यांनी ते विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. म्हणून दुसरी किल्ली कोठे आहे हे घरातील एका जबाबदार प्रौढ व्यक्तीस कळेल अशी लेखी तजवीज असणे उपयुक्त ठरते.

मर्यादा : उत्तम रीतीने बसविलेली पेटीही चोराला फक्त वेळ लावते, पुरेसा वेळ व अवजारे मिळाल्यास ती फुटतेच. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल, तर शस्त्र जमा करून जाणे श्रेयस्कर. निवडणुकीच्या काळात तपासणी समितीच्या निर्णयानुसार परवान्याची शस्त्रे पोलिसांकडे ठेवून घेतली जातात. तेव्हा पेटीतील बोल्ट, कुलूप व गंज यांची पाहणी करून घेता येते. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. पेटी इतरांपासून रक्षण करते. किल्ली ज्याच्याजवळ आहे त्याचे रक्षण ती करू शकत नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००० नंतरच्या काळात यवतमाळ जिल्ह्याचे नाव वारंवार पुढे आले. आत्मघाताची तीव्र प्रेरणा पुष्कळदा अल्पकाळ टिकते आणि त्या वेळी प्राणघातक साधन हाताशी नसणे जीव वाचविणारे ठरते. नापिकी, कर्ज, आजार वा कौटुंबिक आघात यांमुळे परवानाधारकच खचलेला दिसत असेल, तर आप्तांनी त्याला विश्वासात घेऊन शस्त्र काही काळ जमा करण्यास प्रवृत्त करणे व वैद्यकीय साहाय्य मिळवून देणे हितावह असते. अशा काळात बंदुकीची सर्वांत सुरक्षित जागा घरातील पेटी नसून घराबाहेरची असते.