इंजिन बदलावे की जुनेच चालवावे?

इतवारीहून नागभीडला जाणारी छोटी गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना आजचा विषय समजावयास वेळ लागणार नाही. रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. २०१९ साली ही गाडी बंद झाली आणि मार्ग ब्रॉडगेज करण्याचे काम हाती घेण्यात आले. छिंदवाड्याकडे जाणारी छोटी लाईन त्याआधीच, २०१५ मध्ये बंद झाली होती. साडेपाच फुटी रुळावर मोठी गाडी वेगाने धावते, हे खरेच. परंतु छोट्या लाईनचा डबा त्या रुळावर चढत नाही, आणि काम पूर्ण होईपर्यंत प्रवाशाला एस.टी.चाच आधार घ्यावा लागतो.

घरी हौसेने कॉम्प्युटरवर गेम तयार करणाऱ्या मुलामुलींपुढे नेमका असाच प्रश्न उभा राहतो. तो त्यांच्या आईवडिलांनीही समजून घ्यावा, म्हणून हा लेख.

गेम इंजिन म्हणजे काय?

चित्र हलविणे, आवाज वाजविणे, बोटाचा स्पर्श ओळखणे ही कामे प्रत्येक गेममध्ये असतात. ती आधीच करून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला गेम इंजिन म्हणतात. 'गोडो' हे असेच एक इंजिन आहे. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झूर यांनी ते बनविले आणि २०१४ मध्ये सर्वांसाठी खुले केले. त्याला एक पैसाही लागत नाही. त्याची तिसरी आवृत्ती २०१८ च्या जानेवारीत आली, तर चौथी १ मार्च २०२३ रोजी. तिसरीतून चौथीत जाणे म्हणजे छोट्या लाईनवरून मोठ्या लाईनवर जाणे होय.

आता असे समजा, की इंदोऱ्यातील एका घरात कॉलेजला जाणारा मुलगा आहे. घरात सेकंडहँड कॉम्प्युटर आहे. दुसरीतल्या बहिणीला मराठी वाचता यावे म्हणून तो गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत गेम करतो आहे. चित्र दिसते, खाली शब्द येतो, तो ओळखला की टाळ्या वाजतात. बहीण खेळणार ती आईच्या जुन्या फोनवर. सहा महिने झाले. आई विचारते, "काहून रे बाबू, झाला का नाही तुझा गेम?" आणि मुलगा म्हणतो, "नवीन इंजिन आलं ना आई, सगळं पुन्हा करू का, तेच कळत नाही."

'शिका' हा शब्दच मोडला तर?

या घरातील खरी अडचण अक्षरांची आहे. इंग्रजी अक्षरे एकापुढे एक ठेवली की काम भागते. देवनागरीचे तसे नाही. 'शिका' लिहिताना पहिली वेलांटी उच्चारात 'श'नंतर येते, पण कागदावर ती 'श'च्या आधी काढावी लागते. 'सीताबर्डी'तील रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. 'दीक्षाभूमी'त क आणि ष मिळून 'क्ष' हे वेगळेच रूप होते. ही जुळवाजुळव करणारी व्यवस्था गोडोच्या तिसऱ्या आवृत्तीत नाही. तेथे 'शिका'ची वेलांटी 'श'ला सोडून 'क'वर जाऊन बसते, आणि जोडाक्षरे पाय मोडलेली, सुटी सुटी दिसतात.

मोठ्या माणसाला असा शब्द अंदाजाने वाचता येईल. पण जी मुलगी अक्षरेच शिकते आहे, ती चुकीचेच शिकेल. ज्या घरात पहिल्या पिढीने रात्रशाळेत जाऊन अक्षर गिरविले, तेथे ही चूक लहान मानता येणार नाही.

चौथ्या आवृत्तीत ही उणीव दूर झाली आहे. अक्षरे जुळविण्याचे काम त्यात 'हार्फबझ' हे मुक्त सॉफ्टवेअर करते. मराठीचा फाँट मात्र आपणच गेमसोबत ठेवावा. 'मुक्त' किंवा 'नोटो सॅन्स देवनागरी' हे चांगले फाँट मोफत मिळतात.

मग लगेच बदलावे काय?

थांबा. दुसरी बाजूही पाहिली पाहिजे.

पहिली गोष्ट फोनची. तिसरी आवृत्ती बऱ्याच जुन्या फोनवरही चालते, कारण ती 'ओपनजीएल ईएस २' या जुन्या पद्धतीने चित्र काढू शकते. चौथीला किमान 'ओपनजीएल ईएस ३' लागते. आईच्या फोनवर नवा गेम उघडलाच नाही, तर शुद्ध अक्षरांचा उपयोग काय?

दुसरी गोष्ट श्रमाची. चौथ्या आवृत्तीत आज्ञांची नावे बदलली आहेत. पूर्वीचे 'यील्ड' आता 'अवेट' झाले, 'इन्स्टन्स'चे 'इन्स्टँशिएट' झाले. जुना प्रकल्प नव्यात आणण्याचे साधन सोबत मिळते, पण ते सर्व काही दुरुस्त करीत नाही. उरलेले हाताने करावे लागते, आणि एकदा बदललेला प्रकल्प जुन्या इंजिनात पुन्हा उघडत नाही.

तिसरी गोष्ट घाईची. नवे आले म्हणजे जुने मेले, असे नव्हे. तिसऱ्या शाखेची ३.६ ही आवृत्ती २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, म्हणजे चौथी आल्यानंतर दीड वर्षाने निघाली. मात्र गेम प्ले स्टोअरवर ठेवावयाचा असेल, तर गूगल दरवर्षी नव्या अँड्रॉइडची अट घालते, हे लक्षात ठेवावे. घरच्या आणि शेजारच्या फोनपुरता गेम असेल तर ही अट आड येत नाही.

निर्णय कसा घ्यावा?

आपल्या गेममधील सगळे मराठी शब्द एका कागदावर लिहून काढा. ते दहा-वीसच असतील, तर इंजिन बदलू नका. प्रत्येक शब्दाचे चित्र 'इंकस्केप' किंवा 'गिंप'मध्ये तयार करा आणि जुन्याच गेममध्ये बसवा. चित्रातील अक्षर मोडत नाही. गेम आठवडाभरात पुरा होईल. शब्द शेकडो असतील, किंवा पुढे गोष्टी आणि धडे घालावयाचे असतील, तर चौथीत जाणेच शहाणपणाचे.

तरीही आधी एकच पडदा करून पाहा. गोडो इन्स्टॉल करावे लागत नाही. दोन्ही आवृत्त्या एकाच कॉम्प्युटरवर शेजारी ठेवता येतात. चौथीत नवा, कोरा प्रकल्प उघडा, त्यात 'शिका' आणि 'सीताबर्डी' हे दोन शब्द लिहा आणि तेवढेच आईच्या फोनवर चालवा. 'कंपॅटिबिलिटी' हा पर्याय निवडावयास विसरू नका, कारण साध्या फोनसाठी तोच आहे. शब्द नीट दिसले, तर संपूर्ण प्रकल्पाची प्रत पेनड्राइव्हवर काढा आणि मगच बदल त्या प्रतीवर करा, मूळ प्रकल्पावर नको.

फुकट आणि खुले यांतील फरक

काहींना वाटेल, गोडोचा त्रास घेण्यापेक्षा दुसरे नामांकित इंजिन घ्यावे. घ्यावे, पण त्याच्या अटी वाचून. 'युनिटी' या कंपनीने १२ सप्टेंबर २०२३ रोजी, ठराविक मर्यादेपलीकडे गेलेल्या गेमवर प्रत्येक इन्स्टॉलमागे पैसे घेण्याचे जाहीर केले. हौशी मुलांना त्याची झळ बसणार नव्हती, तरी जगभरातून विरोध झाला. अटी सौम्य झाल्या, आणि बरोबर एक वर्षाने ती फी रद्द झाली. गोडोचा परवाना असा आहे, की हाती आलेली आवृत्ती कोणी परत मागू शकत नाही.

कडबी चौकाजवळ मोतीबागेच्या रेल्वे संग्रहालयात छोट्या लाईनची इंजिने जपून ठेवली आहेत. आपल्या मुलानेही जुन्या गेमची प्रत तशीच जपावी. आणि पालकांनी एवढे करावे, की रविवारी तासभर त्याच्याजवळ बसून "दाखव बरं, कोणता शब्द मोडतो" असे विचारावे. धाकटीलाही सोबत बसवावे. शब्द तिलाच वाचावयाचा आहे.