वाकळ मशीनवर चढण्याआधी

शिलाई मशीनवर कपडा पुढे सरकतो तो खालच्या दात्यांमुळे. सुई वर असताना दाते वर येतात, खालचा पदर धरतात, टाक्याएवढा पुढे नेतात आणि पुन्हा खाली बसतात. वरच्या पदराला मात्र कुणी ओढत नाही. तो दाबाच्या पायाखालून घासत जातो आणि दर टाक्याला केसभर मागे राहतो. झंपराची शिवण लहान, तिथे हा फरक कळतसुद्धा नाही. वाकळीची, म्हणजे गोधडीची, ओळ सहा फुटांची आणि पदर चार-पाच. ओळीच्या शेवटी खालचा कपडा संपलेला असतो, वरचा दोन बोटं उरलेला असतो आणि मध्येच कुठेतरी चुणी पडलेली असते. हा केसभराचा फरक सहा फूट सांभाळत नेता आला, तर मशीनवर वाकळ शिवता आली.

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीत माझ्या मावशीच्या ओसरीत, उजेडाच्या बाजूला, काळी पायमशीन आहे. गल्लीतल्या कितीतरी घरांचे परकर, झंपर, झबली तिच्यावर शिवली गेली. अलीकडे वाकळाच जास्त. सुगी उरकली, ज्वारीची रास घरात आली, की बायका जुन्या कपड्यांची गाठोडी घेऊन येतात. या उन्हाळ्यात मी मावशीजवळ बसून हे काम गाठोडं सुटल्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत पाहिलं, थोडं हाताने केलंही. एक गोष्ट मनात पक्की झाली, ती आधीच सांगते. मशीनच्या वाकळीत मशीनचं काम सगळ्यांत थोडं असतं, आणि लोक मजुरी मात्र तेवढ्याचीच मोजतात.

गाठोडं सुटलं की मावशी कपडा डोळ्यांनी कमी आणि बोटांनी जास्त पाहते. दोन अंगठ्यांत धरून हलकेच ताणते. चर्र आवाज आला की तो तुकडा बाजूला. मग उन्हाकडे धरते. साडी सगळीकडे सारखी विरत नाही. बसण्याच्या जागी, निऱ्यांच्या खालच्या कडेला ती आधी जाते. काठाजवळ आणि आतल्या बाजूला कपड्यात जीव राहतो. एका साडीतून वाकळीजोगता किती कपडा निघेल, ते ती अशी चाचपून ठरवते. जुनं सुती नऊवारी निघालं की तिचा चेहरा खुलतो. आठ मीटरच्या आसपास कपडा, वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेला, घाम पिणारा. पण तशी लुगडी आता गाठोड्यात क्वचितच असतात. बहुतेक साड्या सिंथेटिक, गुळगुळीत, न विरणाऱ्या आणि पदरावर पदर न ठरणाऱ्या.

"ह्ये आंगाकडं लावू नकोस गं," ती मला म्हणाली, "घाम पीत न्हाई. वरनं लाव. वरनं दिसायला बी झ्याक."

म्हणून सुती कपडा अंगाकडच्या बाजूला आणि आत, सिंथेटिक वरच्या बाजूला. आत सोलापुरी चादर घातली तर ऊब भरपूर मिळेल, पण घरगुती मशीनची सुई तिथे हटते. हाताने शिवताना सात-आठ पदरही ओढून घेता येतात. मशीनवर चार, फार तर पाच, तेही मऊ. कोरा मांजरपाट मिसळायचा असेल तर तो आधी धुऊनच घ्यायचा. नाहीतर पहिल्या धुण्यात तो आटतो आणि जुना कपडा त्याच्याभोवती गोळा होतो.

यानंतरचं काम सर्वांत किचकट, आणि ते पाहायला कुणी थांबत नाही. तुकडे सरळ कापायचे, दंड घालून जोडायचे, जोड चपटे बसवायचे. एका पदराचा जोड दुसऱ्या पदराच्या जोडावर येऊ द्यायचा नाही. तीन जोड एका जागी आले तर सुई मोडलीच म्हणून समजा. मावशी प्रत्येक पदराचे जोड चार बोटं इकडेतिकडे सरकवते आणि हे सगळं तिच्या डोक्यात असतं. कागद नाही, खडूची खूण नाही. हुक, बटण, जरीची टोकदार तार, साडीचा जुना फॉल, सगळं उसवून काढलेलं. एका वाकळीला या तयारीत तिचे तीन-चार दिवस जातात.

मग अंथरणं. सकाळी ओसरीची शहाबादी फरशी पुसून कोरडी करायची, सर्वांत खालचा पदर उलटा अंथरायचा, चार कोपऱ्यांवर तांबे-पाटे ठेवायचे. एकेक पदर त्यावर सोडायचा. दोन बायका दोन टोकांना लागतात. एकटीने सोडलेला पदर तिरपा पडतो. प्रत्येक पदरावरून तळहात फिरवायचा तो मधून काठाकडे, उलटा कधीच नाही. सगळे पदर बसले की मोठ्या सुईने हाताचा धावदोरा, वीत-वीत अंतरावर. मशीन झाल्यावर हा दोरा उसवून टाकायचा असतो, म्हणून घाईत तो विरळ घालायचा मोह होतो. मावशी तो विरळ घालू देत नाही. पुढे पदर सरकायला लागले की त्यांना थोपवणारं दुसरं काहीच नसतं.

हाताची वाकळ आणि मशीनची वाकळ यांचा रस्ता उलटा असतो, हे मला इथे उमगलं. हाताने शिवणारी बाई काठापासून सुरुवात करते आणि फेऱ्यामागून फेरा घेत आत येते. उत्तर कन्नडच्या जंगलपट्टीतल्या सिद्दी स्त्रियाही त्यांची 'कवंदी' अशीच कडेकडून आत शिवत नेतात. हातातली सुई कपड्याला ढकलत नाही. पदर जिथे आहे तिथेच टाका पडतो, आणि जरासा फुगवटा राहिला तर तो फेऱ्याफेऱ्यांत जिरवता येतो. मशीन कपडा ढकलतं. काठ आधी बंद केले तर तो सगळा फुगवटा मध्ये अडकतो आणि तिथे त्याची गाठ होते. म्हणून मशीनवर पहिली ओळ बरोबर मधोमध, मग एक उजवीकडे, एक डावीकडे, असं बाहेर जायचं. उरलेला कपडा काठावर निघतो, तिथे तो कापता येतो. एका बाजूच्या सगळ्या ओळी एकाच दिशेने घालू नयेत, असंही मावशी सांगते. एक ओळ वरून खाली, तर शेजारची खालून वर. तसं केलं नाही तर वाकळ तिरकी होते.

आता मशीन. याचं मूळ कौशल्य सुईच्या टोकापाशी आहे. हाताच्या सुईचं नाक मागे असतं, मशीनच्या सुईचं टोकाला. १८४६ साली अमेरिकेत इलायस हाऊ यांनी टोकाला नाक असलेली सुई आणि दोन दोऱ्यांचा टाका असलेल्या मशीनचं पेटंट घेतलं. १८५१ साली आयझॅक सिंगर यांनी व्यवहारात चालेल असं रूप पेटंटसह बाजारात आणलं. सुई कपड्याच्या पार जाते, किंचित वर येते, तेवढ्यात तिच्यामागे दोऱ्याचा फास तयार होतो. शटलचं टोक तो फास पकडतं, बॉबिनभोवती फिरवतं, आणि वरचा दोरा ओढला गेला की दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. ही अडकण कपड्याच्या पोटात बसली पाहिजे. वर दिसली तर वरचा ताण जास्त, खाली दिसली तर कमी. पातळ कपड्यावर हे चुकलं तर नुसतं वाईट दिसतं. वाकळीत चुकलं तर दोरा पदरांवर तरंगतो आणि पायाच्या अंगठ्यात अडकून तुटतो.

यंत्रांबद्दल एरवी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ साली 'यंग इंडिया'तल्या संवादात सिंगरच्या शिलाई मशीनला मात्र अपवाद केला होता. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सने १९३० च्या दशकात 'उषा' काढलं आणि देशी मशीन घराघरांत शिरलं. मला या यंत्राबद्दल प्रेम आहे ते एवढ्यासाठी, की पायाने चालणारं मशीन बाईच्या वेळेवर चालतं. वीज गेली तरी चालतं, दुपारी अर्धा तास मिळाला तर अर्ध्या तासापुरतं चालतं.

मावशीच्या मशीनला मोटार बसवलेली आहे, पण वाकळीसाठी ती पट्टा काढून पायावरच चालवते. जाड जागी एकेक टाका मोजून टाकावा लागतो आणि तेवढा हळू वेग फक्त पायाला कळतो. सुई ती सोळा किंवा अठरा नंबरची लावते. टाका लांब ठेवते, दाबाच्या पायाचा स्क्रू सैल करते, म्हणजे वरचा पदर कमी घासला जातो. दोरा सुती. पॉलिस्टर मजबूत असतो, पण विरलेल्या कपड्यात कपड्याहून दोरा मजबूत झाला तर धुताना दोरा टिकतो आणि कपडा चिरतो, असं तिचं म्हणणं. तिच्या जुन्या वाकळा पाहिल्यावर मला ते पटलं.

खरी कुस्ती जागेची. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामध्ये सातेक इंचांची जागा. सहा फूट बाय चार फूट वाकळीचा उजवा अर्धा भाग त्यातून न्यायचा असतो. म्हणून तो लांबीत घट्ट गुंडाळायचा आणि वळकटी कमानीखाली सरकवायची. डावा भाग खांद्यावर घ्यायचा किंवा शेजारच्या बाजेवर टेकवायचा. वाकळीचं वजन लोंबकळलं की ते कपड्याला मागे ओढतं आणि टाके बारीक पडतात. मावशी आपल्या मुलीला समोर बसवते. "वढू नकोस, नुसतं धर," हे वाक्य त्या दुपारी मी पुन्हा पुन्हा ऐकलं. मी धरलं तेव्हा कळलं की न ओढता धरणं किती अवघड आहे. हात आपोआप मदत करायला जातो.

दीड इंचाच्या अंतराने ओळी घातल्या तर चार फूट रुंदीत बत्तीस ओळी होतात. सहा फुटांप्रमाणे एकशे ब्याण्णव फूट शिवण. इंचाला आठ टाके धरले तर अठरा हजारांवर टाके. एवढं मशीनवर एका दुपारी, फार तर दीड दिवसात होतं. बॉबिन ओळीच्या मध्ये संपू नये म्हणून प्रत्येक ओळीआधी डबी उघडून पाहायची. मध्येच संपली तर तिथे जोडटाका पडतो आणि पुढे सुटायला तिथूनच सुरुवात होते. शेवटी चारी बाजूंनी काठाची पट्टी.

एक कोपरा मात्र मावशी मशीनने बंद करत नाही. तिथे ज्वारीचे चार दाणे ठेवते आणि हाताने टाके घालते. वाकळ उपाशी राहू नये, म्हणजे पांघरणारंही उपाशी राहत नाही. कुठे भाकरीचा तुकडा घालतात, कुठे दाणे. मशीनवर काम आलं म्हणून तिने हे सोडलं नाही, मला ते फार आवडलं.

उरलेल्या चिंध्यांतही काम असतं. बाजाराची दुपदरी पिशवी, भाकरी गुंडाळायचा रुमाल, उशीचा अभ्रा, पायपुसणं, म्हातारीची पान-सुपारीची चंची, बारशासाठी कुंची आणि दुपटं. घरी मशीन असेल आणि गोधडी शिवायची इच्छा असेल, तर दुपट्यापासून सुरुवात करावी. हातभर लांबीचं, तीन पदरांचं, आजीच्या मऊ साडीचं. पदर सरकणं, मधून बाहेर जाणं, कोपरा वळवणं, सगळं त्यात शिकता येतं आणि वळकटीची झटापट नसते. चंची दिसायला लहान, पण तिच्या आतल्या कप्प्यांचा क्रम उलटा शिवावा लागतो. ती नंतर.

वाकळीची परीक्षा नवरात्राच्या तोंडावर होते. तुळजापूर इथून जवळ. भाद्रपद वद्य अष्टमीला तुळजाभवानीची मूर्ती सिंहासनावरून पलंगावर निजवतात, घटस्थापनेपर्यंत देवीची मंचकी निद्रा चालते. त्याच दिवसांत आमच्या भागात घराघरांतली अंथरुणं-पांघरुणं धुवायला निघतात. हाताची आठ पदरांची वाकळ भिजली की दोघींना पिळवत नाही. मशीनची पातळ असल्याने लवकर वाळते. दगडावर आपटल्यावर कुठली ओळ सुटली हे पाहून पावसाळ्यानंतर मावशीला कळतं की उन्हाळ्यात ताण कुठे चुकला होता. ज्यांची सुटते त्यांना ती पैसे न घेता पुन्हा शिवून देते.

मजुरीचं बोलायलाच हवं. 'मशीनवर तर शिवायची आहे' असं म्हणून भाव पाडला जातो. हे मी तिथे बसून ऐकलं, आणि मला त्याचं वाईट वाटलं. निवडणं, उसवणं, कापणं, दंड घालणं, अंथरणं, धावदोरा, हे दिवस हिशेबात कुणी धरत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी, आपल्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाच, सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसाय आहेत. त्यांत शिंपीकाम आहे, अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आहे. गोधडीकाम वेगळं नोंदलेलं नाही, पण नोंदणी चालू असेल आणि अटींत बसत असेल, तर मशीनवर शिवणारी बाई शिंपीकामात अर्ज करू शकते. घरी बसून शिवणाऱ्या ज्या बायकांना हे ठाऊक नाही, त्यांना बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी सांगावं.

आणि तुमच्या घरात जुन्या साड्या असतील तर त्या भांड्यांच्या बदल्यात देण्याआधी जवळच्या शिवणाऱ्या बाईकडे न्या. धुऊन न्या, सुती आणि सिंथेटिक वेगळ्या करून न्या, हुक-फॉल उसवून न्या. तिचा एक दिवस वाचेल. भाव विचारताना मशीनवर किती वेळ लागेल असं विचारू नका. पदर किती, दंड किती, हे विचारा आणि त्याप्रमाणे पैसे द्या.