न्यूरेंबर्गचे ६०० क्रमांकाचे दालन

जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात १९१६ साली उभी राहिलेली न्यायालयाची भव्य इमारत आहे. तिच्या पूर्वेकडच्या भागातले ६०० क्रमांकाचे दालन नाझी पुढाऱ्यांवरच्या खटल्यामुळे जगाला माहीत झाले. त्या खटल्याचा निकाल लागून अडीच महिनेही झाले नव्हते, तोच ९ डिसेंबर १९४६ रोजी इथल्या पिंजऱ्यात आणखी २३ आरोपी आले. त्यांतले २० जण डॉक्टर होते.

लाकडी फळ्यांनी मढवलेल्या भिंती, दारावर आदम आणि ईव्ह यांचे शिल्प. याच दालनात यादविगा जिदो ही पोलिश तरुणी साक्षीला उभी राहिली आणि तिने आपला पाय न्यायाधीशांना दाखवला. रावेन्सब्रुकच्या छळछावणीत तिच्यासारख्या ७४ पोलिश स्त्रियांवर प्रयोग झाले होते. धडधाकट पाय चिरायचा, जखमेत जंतू घालायचे, कुणाच्या जखमेत लाकडाचा भुसा नाहीतर काचेचा चुरा भरायचा आणि सल्फा औषध किती चालते ते पाहायचे. कित्येक जणी दगावल्या. हे करवून घेणारा कार्ल गेबहार्ट नावाजलेला सर्जन होता, जर्मन रेडक्रॉसचा अध्यक्ष होता. हातात शिकलेली विद्या असताना माणूस इथवर घसरतो, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो.

माणसांवर प्रयोग करू नका असा नियमच कुठे होता, असा बचाव आरोपींच्या बाजूने झाला. मला तो सर्वांत संतापजनक वाटतो. कारण रुग्णाच्या संमतीशिवाय नवा उपचार करू नये, अशी सूचना खुद्द जर्मन सरकारने १९३१ मध्येच काढली होती.

२० ऑगस्ट १९४७ रोजी निकाल वाचला गेला. १६ दोषी, ७ निर्दोष. सात जणांना फाशी झाली. गेबहार्ट आणि हिटलरचा डॉक्टर कार्ल ब्रांट त्यांतच होते. निकालपत्रातच न्यायाधीशांनी माणसांवरच्या प्रयोगांसाठी दहा कलमे लिहिली. पहिलेच कलम स्वखुशीच्या संमतीचे. प्रयोग मधेच सोडून जाण्याचा हक्कही त्यात आहे. आज जिंतूर तालुक्यातल्या बोरीचा एखादा शेतकरी औषधाच्या चाचणीत सामील झाला, तर त्याला सगळे त्याच्या भाषेत समजावून सांगूनच सही घ्यावी लागते, लिहिता-वाचता येत नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर अंगठा घ्यावा लागतो. ही वाट या दालनातून निघाली आहे.

२०१० पासून इमारतीच्या वरच्या मजल्यावर या खटल्यांचे संग्रहालय आहे. खाली दालनात २०२० पर्यंत नेहमीचे खटले चालत. आता ते फक्त पाहण्यासाठी आहे. पाहणाऱ्याने हेर्टा ओबरह्यूझर हे नावही लक्षात ठेवावे. आरोपींतली ती एकटीच स्त्री. २० वर्षांची शिक्षा झाली, पण १९५२ मध्येच ती सुटली आणि एका खेड्यात दवाखाना थाटून बसली. रावेन्सब्रुकच्या छावणीतून वाचलेल्या एका स्त्रीने तिला ओळखले, निषेध झाला आणि १९५८ मध्ये तिचा परवाना रद्द करण्यात आला.