वाढलेल्या बांगडीचे तोरण

भाताची झोडणी झाली, पेंढ्याची उडवी रचली, वालाला फुले धरायला अजून अवकाश आहे. अशा दिवसांत घरच्या बाईला दुपारचे दोन तास मोकळे मिळतात. या दोन तासांत हाताला गोड वाटेल आणि घराला शोभा येईल असे काय करता येईल? याचे उत्तर आपल्या फडताळातल्या जुन्या डब्यात असते. त्या डब्यात बांगड्यांच्या काचा असतात.

बांगडी फुटली असे आपण म्हणत नाही, वाढली म्हणतो. वाढलेल्या बांगडीचे तुकडे टाकूनही देत नाही. मुली त्यांनी काचापाणी खेळतात आणि उरलेले आजी डब्यात जपून ठेवते. कंदिलाच्या किंवा मेणबत्तीच्या ज्योतीवर हे तुकडे वाकवून एकात एक अडकवायचे आणि त्यांची साखळी करायची, ही कला आपल्याकडे घरोघर होती. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या रुखवतात असे रंगीत तोरण हमखास दिसे. आता दारावर प्लॅस्टिकची फुले आली आणि ही कला मागे पडली. ती पुन्हा हाती घेण्यासारखी आहे.

काच आपल्याला नवी नाही

पनवेल तालुक्यातले शिरढोण म्हटले की आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके आठवतात. ४ नोव्हेंबर १८४५ रोजी त्यांचा जन्म याच गावी झाला. त्यांच्यामागून आलेल्या पिढीने स्वदेशीचा ध्यास घेतला आणि त्या ध्यासातूनच महाराष्ट्रात काचेचा कारखाना उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. जपानात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तिथे मुलांना हे काम शिकवले. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला. त्यांचा प्रभाकर कंदील किती गोठ्यांत आणि किती माजघरांत जळला असेल, याची गणतीच नाही. ओगल्यांचा कारखाना आता चालू नाही, पण ओगलेवाडी हे नाव मात्र राहिले.

त्याच्याही फार मागे जाता येते. धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन काळचे तगर. रोमन लोकांशी व्यापार चाले, त्या काळातली ही पेठ. कै. रामलिंगप्पा लामतुरे यांनी तिथल्या शेतांत आणि पांढरीच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. त्यांच्या नावाच्या वस्तुसंग्रहालयात आज काचेचे, दगडाचे, शंखाचे आणि भाजल्या मातीचे मणी पाहायला मिळतात. पाऊस पडून गेल्यावर अशा जुन्या गावठाणात मणी वर येतात, हे त्या भागातल्या गुराख्यालाही ठाऊक असते.

मणी होतो कसा?

काचेचा मणी दोन रीतींनी होतो. पहिली रीत गुंडाळण्याची. लोखंडी तारेला मातीचा पातळ लेप देतात, भट्टीत किंवा जोरदार ज्योतीत काच मऊ करतात आणि ती पाकासारखी तारेभोवती गुंडाळतात. लेपामुळे मणी गार झाल्यावर सुटून येतो आणि तार होती तिथे भोक राहते. उत्तर प्रदेशातील पुर्दिलपूर गावी असे मणी करणारी कुटुंबे आहेत. दुसरी रीत ओढण्याची. वितळलेल्या काचेच्या गोळ्यात पोकळी ठेवून तिची लांबच लांब नळी ओढायची, नळीचे बारीक तुकडे करायचे आणि ते राखेत घोळवून पुन्हा तापवायचे, म्हणजे कडा गोल होतात. राख भोकात बसते, म्हणून भोक बुजत नाही. दक्षिणेतल्या अरिकमेडू बंदरात दोन हजार वर्षांपूर्वी असे मणी होत आणि समुद्रापार जात. आंध्रातल्या पापनायडूपेट गावात ही रीत विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत टिकून होती.

यातले घरी किती करावे? स्पष्टच सांगितलेले बरे. काच पाकासारखी पातळ व्हायला हजार अंशांच्या आसपास उष्णता लागते. ती चुलीवर मिळत नाही. त्यासाठी भाता, फुंकणी किंवा गॅसची खास शेगडी लागते आणि शिकवणारा माणूस जवळ लागतो. बाटल्या फोडून चुलीत घालण्याचा उद्योग कोणी करू नये. बांगडीची काच मात्र बारीक असते आणि मेणबत्तीच्या ज्योतीतही मऊ होऊन वाकते. म्हणून घरच्या काचकामाची सुरुवात बांगडीपासूनच करावी.

साखळी करण्याची रीत

१. अर्ध्या वर्तुळाहून मोठे तुकडे निवडा. सर्व तुकडे साधारण एकाच जाडीचे घ्या. प्लॅस्टिकच्या आणि लाखेच्या बांगड्या वेगळ्या काढा, त्या जळतात.

२. ओटीवर, वारा लागणार नाही पण धूर कोंडणार नाही अशा जागी बसा. खाली पत्रा किंवा शहाबादी फरशी ठेवा. बाजूला परातीत कोरडी राख ठेवा आणि पाण्याची बादली हाताशी असू द्या.

३. तुकडा लांब दांड्याच्या चिमट्याने एका टोकाला धरा. एकदम ज्योतीत न घालता वरून थोडा शेका, मग मधला भाग ज्योतीत आणा. घाई केली तर काच तडकून उडते.

४. काच लवू लागली की दुसऱ्या चिमट्याने मोकळे टोक आत वळवा. दोन्ही टोके जुळली की एक कडी झाली.

५. पुढचा तुकडा आधी या कडीत अडकवा आणि मगच वाकवा. अशी कडीत कडी घालत जा.

६. नवी कडी राखेत पुरून ठेवा, सावकाश गार होऊ द्या. गरम कडी पाण्यात टाकली किंवा गार फरशीवर ठेवली तर ती चिरते.

७. सगळे गार झाल्यावर काजळी ओल्या फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा.

काम करताना सुती लुगडे किंवा सुती साडी नेसावी. नायलॉन अंगाला चिकटून जळते. पदर खोचावा, केस बांधावेत, डोळ्यांवर साधा चष्मा तरी असावा. लहान मुलांना जवळ बसवू नये. चटका बसलाच तर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. हळद, शाई, दातांची पेस्ट यांतले काहीही लावू नये. भाजणे मोठे असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

विस्तवाशिवायचे काम

ज्यांना ज्योतीचे काम नको, त्यांनी बाजारचे मणी ओवावेत. तीन फुटी दाराचे तोरण असे बसते. तीन-तीन इंचांवर एक, अशा तेरा सरी घ्या. दोन्ही कडांची सर नऊ इंच ठेवा आणि मध्याकडे येताना एकेक इंच कमी करा. मधली सर तीन इंचांची होईल. सगळ्या सरी मिळून ८१ इंच भरतात. सहा मिलिमीटरचे सुमारे साडेतीनशे मणी लागतील. तंगूस खालच्या मण्याला वळसा घालून परत वर न्यायचा, म्हणून तो दुप्पट लागतो. गाठींसह साडेसहा मीटर पुरे. तंगूस गुळगुळीत असतो, त्याची गाठ सुटते. म्हणून दुहेरी गाठ मारून उरलेले टोक चार मण्यांतून परत ओवून टाकावे.

मणी विकतच आणले पाहिजेत असेही नाही. ओढ्याकाठी कसई उगवते, काही जण तिला रानजोंधळा म्हणतात. तिच्या राखाडी, चकचकीत दाण्याला देवानेच भोक पाडून ठेवले आहे. मधली काडी ओढली की मणी तयार! चिंचोके शिजवून मऊ असताना सुईने टोचता येतात. गुंजा मात्र घेऊ नका. दिसायला त्या देखण्या, पण भोक पाडलेली किंवा चावलेली गुंज पोटात गेली तर जिवावर बेतते. घरात मूल असेल तर गुंजांची माळ नकोच.

हात सगळ्यांचेच

आता एक मनातली गोष्ट. बांगडी आणि काळी पोत यांना आपण सौभाग्याशी जोडले. त्यामुळे ज्या बाईचा नवरा गेला, तिचे हात मोकळे झाले आणि मंगळसूत्र ओवायला किंवा रुखवत मांडायला तिला कोणी बोलावीनासे झाले. गंमत अशी की, घरात सर्वांत सुबक हात पुष्कळदा तिचाच असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याविषयी कळवले. ठराव कागदावर होतो, तो अंगी मात्र ओसरीवर बसून बाणवावा लागतो. चौघी जणी तोरणाला बसल्या की पाचवीला हाक मारा. काचेला कोण सधवा आणि कोण विधवा हे कळत नाही, आपणच ते शिकवले.

चार पैसे मिळतील का?

मिळतील, पण हिशेब चोख हवा. शिरढोणहून पेण फार लांब नाही. तिथे आणि हमरापूर-जोह्यासारख्या गावांत गणपतीच्या मूर्तींचे काम घराघरांतून वाढले आणि त्यावर कुटुंबे उभी राहिली. कर्नाळ्याच्या पुढे तारा गावी युसुफ मेहेरअली सेंटरने तेलघाणी, साबण, मातीकाम असे ग्रामोद्योग चालवून दाखवले. बचत गटातून काम केले तर मणी घाऊक भावाने मिळतात आणि महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात मांडता येतात.

किंमत ठरवताना मण्यांचा आणि तंगूसाचा खर्च लिहा आणि त्यात मजुरी मिळवा. तोरणाला सहा तास लागले तर आठ तासांच्या रोजाचा पाऊण भाग त्यात धरलाच पाहिजे. बाया इथेच चुकतात. मालाची किंमत लावतात, पण स्वतःच्या हाताची लावत नाहीत, आणि मग वर्षाअखेर म्हणतात की धंद्यात काही राहिले नाही. तेवढ्या भावाने गिऱ्हाईक मिळत नसेल तर विकू नका. आपल्या दाराला लावा, लेकीच्या रुखवतात ठेवा. त्याचेही मोल कमी नाही.

येत्या मोकळ्या दुपारी तो डबा खाली काढा. दहा तुकडे निवडा आणि दहा कड्या करून पाहा. त्यातल्या चार तडकतील, त्याचे वाईट वाटून घेऊ नका. सहा तरी एकमेकींत अडकतील, आणि साखळीची सुरुवात तेवढ्याने होते.