आधी खड्डा, मग घर

घर बांधायचे ठरले की आपण पुष्कळ गोष्टी पाहतो. दार कोणत्या दिशेला हवे ते पाहतो. विटा कुठल्या भट्टीच्या, वाळू किती ब्रास, गवंडी कोण, हे सगळे ठरते. चूल कुठे, देव्हारा कुठे, तेही ठरते. उरलेल्या कोपऱ्यात संडास बसतो. त्याचे घाण पाणी कुठे जाणार, हे मात्र कोणी विचारीत नाही. भिंती उभ्या राहतात, आणि मग गवंडीच विचारतो, "मालक, टाकी कुठं खणू?" मालक म्हणतो, "खण कुठंबी, मागच्या अंगाला."

त्या मागच्या अंगाला शेजाऱ्याची विहीर असते. नाहीतर गावाचा हातपंप.

या 'कुठंबी'बद्दल आज आम्ही तुम्हांला चार गोष्टी सांगणार आहोत.

शेताला आपण बांध घालतो. घराला कुंपण घालतो. पण जमिनीखाली बांध नाही आणि कुंपणही नाही. खालचे पाणी एका घराचे नसते. तुमच्या अंगणात मुरलेले पाणी कुणाच्या तरी विहिरीत निघते. पूर्वी हा प्रश्न एवढा मोठा नव्हता, कारण घरोघरी संडासच नव्हते. लोक उघड्यावर बसत, आणि त्याचे रोग वेगळे होते. 2014 साली स्वच्छ भारत अभियान सुरू झाले. पात्र घराला संडासासाठी 12,000 रुपये मिळू लागले. 2018 साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याचे सरकारने जाहीर केले. काम मोठे झाले, यात शंका नाही. पण जितके संडास वाढले, तितके जमिनीतले खड्डेही वाढले. ते कुणी मोजून-मापून खणले, तर कुणी कसेही.

आता सेप्टिक टाकी म्हणजे काय ते पाहू. पुष्कळांना वाटते, घाण टाकीत जाते आणि तिथेच नाहीशी होते. तसे नाही. टाकी म्हणजे जमिनीतला पक्का, न गळणारा हौद. त्यात मैला खाली बसून गाळ होतो. तेलकट भाग सायीसारखा वर तरंगतो. मधले पाणी दुसऱ्या तोंडाने बाहेर पडते. जेवढे पाणी आत जाते, जवळजवळ तेवढेच बाहेर येते. ते पातळ दिसते, पण स्वच्छ नसते. कावीळ, हगवण, विषमज्वर, पटकी या रोगांचे जंतू त्यात असू शकतात. म्हणून टाकीच्या पुढे शोषखड्डा लागतो. शोषखड्ड्यातून पाणी मातीत उतरते. माती ते गाळते. जंतू मातीत अडकतात आणि मरतात. मात्र त्याला पुरेशी माती हवी आणि पुरेसा वेळ हवा.

शोषखड्डा न खणता टाकीचे तोंड सरळ गटारात सोडलेले आम्ही पुष्कळ गावांत पाहिले आहे. ही टाकी घरची घाण आळीत नेऊन ठेवते, एवढेच तिचे काम.

खेड्यातल्या घराला टाकीपेक्षा दोन खड्ड्यांचा संडास स्वस्त पडतो आणि सोयीचाही असतो. आधी एक खड्डा वापरायचा. त्याच्या भिंतीच्या विटांत फटी ठेवतात आणि तळाला गिलावा करीत नाहीत, म्हणजे पाणी मुरते. पाच-सहा माणसांच्या घराला असा एक खड्डा साधारण तीन वर्षे पुरतो. तो भरला की तोंड फिरवून दुसरा चालू करायचा. पहिला झाकून ठेवायचा. दोन वर्षांनी त्यात घाण राहत नाही, वासही राहत नाही. कोरडे, मातीसारखे सोनखत तयार होते. ते उकरायला कुणालाही कमीपणा वाटू नये.

तरी लोकांना मोठी टाकी हवी असते. मोठ्या टाकीत मोठेपणा वाटतो. कुणी वीस-वीस फूट खोल खड्डा घेतो आणि म्हणतो, "जन्मभर भरायचा नाय." तो भरत नाही हे खरे. कारण तो खाली पाण्याला जाऊन लागलेला असतो! अशा खड्ड्यात माती गाळायला उरतच नाही. मैला सरळ झऱ्यात जातो.

म्हणून माप पाळावे लागते. खड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान 10 मीटर लांब असावा, असे सांगतात. 10 मीटर म्हणजे सुमारे 33 फूट, आपल्या मापाने 22 हात. खड्ड्याचा तळ आणि जमिनीतले पाणी यांमध्ये दोन मीटर माती असेल तर बरे. हे पाणी उन्हाळ्यात मोजू नये. वैशाखात ते खोल गेलेले असते. श्रावणात विहीर कुठवर चढते, ते पाहून खड्ड्याची खोली धरावी.

इथे आणखी एक अडचण आहे. महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या पाषाणाचा आहे. वर थोडी माती, खाली मुरूम, त्याखाली भेगा पडलेला खडक. कोकणात जांभा दगड आहे, त्यात भोकेच भोके. भेगेतून पाणी धावते, गाळले जात नाही. अशा जागी 22 हातांवर भरवसा ठेवू नये. खड्डा आणखी लांब न्यावा, आणि विहिरीच्या वरच्या अंगाला न घेता उताराच्या अंगाला घ्यावा.

हे सगळे एकट्या घरमालकाने ठरवायचे की गावाने? एका दूरच्या मुलखात हे कसे ठरते, ते आधी सांगतो.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स नावाचे राज्य आहे. देश श्रीमंत, पण तिथेही सगळीकडे गटारयोजना नाही. लहान गावांत पुष्कळ घरांना स्वतःची टाकी असते, आणि कित्येकांना स्वतःची विहीरही. राज्यात 351 शहरे आणि गावे आहेत. प्रत्येक ठिकाणी आरोग्य मंडळ असते. लहान गावात ते बहुधा तीन माणसांचे असते, आणि पुष्कळ ठिकाणी लोक मते देऊन त्यांना निवडतात. नियम राज्याचा, अंमल गावाच्या मंडळाचा.

तिथे नवे घर बांधायचे तर आधी जमिनीची परीक्षा होते. एक खड्डा खणतात, त्यात पाणी भरतात आणि घड्याळ लावून बसतात. पाणी एक इंच उतरायला 60 मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर त्या जागी नव्या घराला साधारणपणे परवानगी मिळत नाही. मग मंडळ विचारते, घरात निजायच्या खोल्या किती? एका खोलीला दिवसाचे 110 गॅलन, म्हणजे सुमारे 416 लिटर सांडपाणी धरतात. जमीन जेवढे पाणी जिरवील तेवढ्याच खोल्या. माणसे मोजीत नाहीत, खोल्या मोजतात. माणसे येतात-जातात, खोली जागेवर राहते. खासगी विहिरीपासून शोषखड्डा 100 फूट लांब ठेवावा लागतो. आपल्या तिप्पट!

1995 साली तिथला नियम आणखी कडक झाला. घर विकताना टाकीची तपासणी करावी लागते. टाकी नापास झाली तर साधारण दोन वर्षांत ती सुधारावी लागते. कुणाला नियमातून सूट हवी असेल, तर मंडळाच्या बैठकीआधी निदान 10 दिवस शेजाऱ्यांना टपालाने कळवावे लागते. शेजारी येऊन आपले म्हणणे मांडतो. आम्हांला हा रिवाज फार आवडला. ज्याची विहीर, त्याला विचारायला नको का?

पण तिथेही सगळे गोड नाही. नवी टाकी बसवायला फार पैसा लागतो. म्हातारी माणसे घर विकायला काढतात आणि टाकीपाशी अडकतात. त्यासाठी कर्जाची आणि करात सवलतीची सोय करावी लागली. दुसरी तक्रार याहून वाईट आहे. गावात गरिबांची नवी घरे नकोत, म्हणून काही गावे टाकीचा नियम पुढे करतात, असे लोक म्हणतात. नियम पाण्यासाठी केलेला असतो, आणि त्याने माणसे अडवली जातात. आपणही हे ध्यानात ठेवले पाहिजे. फीत सगळ्यांच्या अंगणात सारखीच लागावी. वाड्याला एक माप आणि वस्तीला दुसरे, असे होता कामा नये.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्याकडे असे मंडळ आहे का? त्या नावाचे नाही, पण ते काम करणारी माणसे आहेत. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने गावची स्वच्छता आणि आरोग्य पंचायतीकडे दिले आहे. गावठाणात घर बांधायला पंचायतीची परवानगी घेण्याचे कलमही त्यात आहे. ते 52 वे कलम. त्यात वेळोवेळी बदल होत आले आहेत, म्हणून आज कोणता कागद लागतो ते भाऊसाहेबांना विचारून घ्यावे. शिवाय गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते. नाव एवढे लांब आहे की लोक समितीलाच विसरतात! तीत आशाताई असतात, अंगणवाडीच्या ताई असतात. विहिरीत टीसीएल पावडर टाकायला जलसुरक्षक असतो. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या जागांची पाहणी होते, आणि गावाला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. लाल कार्ड म्हणजे धोका. आपल्या गावाला कोणते मिळाले, हे विचारायचा तुम्हांला हक्क आहे.

समजा, ग्रामसभा भरली आहे. नव्या घराचा अर्ज आला आहे. अर्जात टाकी दाखवली आहे, ती सार्वजनिक विहिरीपासून बारा हातांवर.

घरमालक म्हणतो, "माझ्या जागेत मी काय बी करीन."

सरपंचताई म्हणतात, "दादा, जागा तुमची, खरं हाय. पर टाकीचं पाणी कुठं जातं?"

"मातीत जातं की."

मागून एक आजी विचारतात, "आन् आमच्या घागरीत कुठनं येतं रं?"

सभा हसते, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्या घरमालकाची जागा दीड गुंठा. बावीस हात तो आणणार कुठून? 'परवानगी नाही' एवढे लिहून पंचायतीला मोकळे होता येणार नाही. मग तो गुपचूप खणेल, तेही रात्री. अशा वेळी चार-पाच घरांचे पाणी नळीने लांब नेऊन मोकळ्या जागी एकच शोषखड्डा करता येईल का, ते पाहावे. ते जमत नसेल तर त्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी बंद करून दुसरीकडचे आणावे लागेल. दोन्हींना खर्च आहे. काविळीची साथ आली तर त्यालाही खर्च आहेच, आणि तो दवाखान्यात जातो.

टीसीएलने सगळे भागते असेही समजू नये. औषध टाकले तेवढे जंतू मरतात. खड्डा जवळ असेल तर उद्या नवे येतात. तोवर पाणी उकळून प्यावे, हे बरे.

एक गोष्ट सगळ्यांत जपायची. सेप्टिक टाकी दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. तीत माणूस कधीही उतरवू नका. आत कुजून विषारी वायू साठतो, आणि श्वासाला लागणारी हवा नसते. उतरलेला माणूस क्षणात बेशुद्ध पडतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, तोही पडतो. अशा एकाच टाकीत दोन-दोन, तीन-तीन माणसे गेली आहेत. साधनांवाचून माणसाला टाकीत उतरवणे हा 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. "तो आपण होऊन उतरला," असे म्हणून मालक सुटत नाही. टाकी उपसायला पंपाची गाडी बोलवावी. ती आळीत शिरेल का, तिची नळी टाकीपर्यंत पोचेल का, हेही घर बांधण्याआधीच पाहावे.

दोन खड्ड्यांच्या संडासाला ही गाडी लागत नाही. त्याला फक्त धीर लागतो. खड्डा बंद केला त्या दिवसाची तारीख संडासाच्या भिंतीवर लिहून ठेवा. खडूने लिहू नका, पहिल्या पावसात पुसून जाईल. रंगाने लिहा, दिवस, महिना आणि साल, तिन्ही.