३.४ घरातून निष्कासन : न्यायालयीन माहितीचे संकलन व वृत्तलेखन

नोंद कोठे सापडते?
भाडेकरूला घराबाहेर काढण्यासाठी घरमालक न्यायालयात जो दावा दाखल करतो, त्याला ‘ताब्याचा दावा’ म्हणतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अन्वये मुंबईत असे दावे लघुवाद न्यायालयात चालतात. भुसावळ, अमळनेर किंवा शिरपूर येथे मात्र ते सर्वसाधारणपणे दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) यांच्यापुढे येतात आणि वाटणीच्या वा हद्दीच्या दाव्यांसोबत ‘नियमित दिवाणी दावा’ याच सदरात नोंदले जातात. राष्ट्रीय न्यायिक माहिती ग्रिडवर जिल्हानिहाय प्रलंबित दाव्यांची संख्या मिळते. परंतु त्यांपैकी ताब्याचे किती, हे तीवरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक निकालपत्र उघडून कलम पाहावे लागते : कलम १५ म्हणजे भाड्याची थकबाकी, कलम १६ म्हणजे मालकाची वाजवी गरज, पोटभाडेकरू ठेवणे इत्यादी कारणे.

एक दावा, चार टप्पे
दावा, हुकूमनामा, दरखास्त आणि प्रत्यक्ष ताबा या चार भिन्न घटना आहेत. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह भरली, पुढेही भाडे नियमित दिले व दाव्याचा खर्च सोसला, तर थकबाकीच्या कारणावरून हुकूमनामा होत नाही. म्हणून ‘शंभर दावे दाखल’ याचे ‘शंभर कुटुंबे बेघर’ असे रूपांतर करणे हा केवळ शब्दांचा नव्हे, तर तथ्याचा दोष आहे.

आकड्याबाहेरची माणसे
नोटीस मिळताच मुकाट्याने घर सोडणारा भाडेकरू या नोंदींत येत नाही. शासकीय जमिनीवरील झोपडी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ५० खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात हटवली जाते; तेथेही ताब्याचा दावा नसतो. त्यामुळे दाव्यांची संख्या कमी म्हणजे घर गमावणारे कमी, असा निष्कर्ष काढता येत नाही.

वृत्त लिहिताना
कालावधी, न्यायालय आणि टप्पा स्पष्ट लिहावा. भाडेकरूचे नाव टाळावे. दावा निकाली निघाल्यावरही छापलेले नाव त्याला दुसरे घर मिळण्यात आड येऊ शकते.

स्वाध्याय
‘दावा’, ‘हुकूमनामा’ व ‘दरखास्त’ यांतील फरक सोदाहरण स्पष्ट करा.