झाड मरते ते कोणाच्या हाताने?

दहा बाय बाराच्या खोलीत माणसांनाच जागा पुरत नाही, तिथे झाड कुठे ठेवायचे, असा प्रश्न आपल्या पुष्कळ भगिनींना पडतो. चाळीत किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत राहणाऱ्यांना अंगण नसते. तरीही खिडकीच्या कठड्यावर किंवा भिंतीच्या फळीवर एखादी कुंडी मावते. कामावरून थकून आल्यावर डोळ्यांपुढे थोडे हिरवे असले की बरे वाटते, हे कोणी शिकवावे लागत नाही.

अडचण पुढे येते. हौसेने आणलेले झाड महिन्या-दोन महिन्यांत पिवळे पडते, मान टाकते, आणि मग घरात दोषी शोधला जातो. "हिच्या हाताला गुणच नाही." "अडचणीच्या दिवसांत हात लावला असेल." हे बोलणे बहुधा सुनेला नाही तर तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला ऐकावे लागते. झाड गेले त्याचे फारसे काही नाही, दुसरे आणता येते. पण आपल्या स्पर्शाने जिवंत वस्तू मरते, असे मुलीच्या मनात एकदा बसले की ते आयुष्यभर निघत नाही. म्हणून झाड खरोखर कशाने मरते, हे आपण नीट समजून घेऊ या.

मुळे गुदमरतात

घरातील कुंडीतले झाड बहुतेक वेळा मरते ते जास्त पाण्याने. मातीच्या कणांमध्ये बारीक पोकळ्या असतात आणि त्यांत हवा असते. मुळांनाही ती हवा लागते. रोज पाणी ओतले की पोकळ्या पाण्याने भरून जातात, मुळे गुदमरतात आणि कुजतात. कुजलेले मूळ पाणी ओढू शकत नाही, त्यामुळे माती ओली असूनही पाने सुकल्यासारखी लोंबतात. आपल्याला वाटते झाड तहानले आहे, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. असे मायेनेच झाड मरते. यात पाळीचा, सावलीचा किंवा हाताच्या गुणाचा काही संबंध नाही.

सुरुवात कशी करावी?

पहिल्यांदाच झाड लावणाऱ्यांनी मनी प्लांट, स्नेक प्लांट किंवा स्पायडर प्लांट निवडावे. तिन्ही सोशीक आहेत. मनी प्लांट विकत घेण्याचीही गरज नाही. शेजारणीकडून एक फांदी मागून आणा. फांदीवर जिथून पान फुटते तिथे गाठीसारखे पेर असते. त्या पेराच्या खाली कापा आणि पेर बुडेल एवढ्या पाण्यात बाटलीत ठेवा. पान मात्र पाण्यात बुडू देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसू लागतात. मग हवे तर कुंडीत लावा.

कुंडी म्हणून रंगाचा किंवा तेलाचा रिकामा डबा स्वच्छ धुऊन चालतो. तळाला चार-पाच भोके पाडायला मात्र विसरू नका, नाहीतर पाणी खाली साचते. भोकांवर विटेचा किंवा खापराचा एकेक तुकडा ठेवा. दोन भाग लाल माती, एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग जाड वाळू किंवा नारळाचा भुसा एवढे मिश्रण पुरते.

जागा ठरवण्याची खूण सोपी आहे. दिवसा दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र सहज वाचता येते, तिथे ही झाडे जगतात. दुपारचे कडक ऊन, शेगडीची धग आणि कूलरचा थेट झोत टाळावा.

आठवड्याचा क्रम

आठवड्यातून दोन वार ठरवा, समजा बुधवार आणि रविवार. बुधवारी काम एकच. मातीत बोटाची दोन पेरे जातील इतके बोट घालून पाहा. बोटाला ओल लागली, माती चिकटली, तर पाणी घालू नका. कोरडे लागले तर खालच्या भोकांतून पाणी येईपर्यंत सावकाश घाला आणि अर्ध्या तासाने ताटलीत साचलेले पाणी ओतून द्या. स्नेक प्लांटची माती मात्र खालपर्यंत सुकू द्यावी. ज्या वस्तीत नळाला तासभरच पाणी येते, तिथे भाजी किंवा तांदूळ धुतलेले ताजे पाणी चालते. साबणाचे, मिठाचे पाणी किंवा उरलेला चहा घालू नये.

रविवारी बोटाची परीक्षा पुन्हा करा. शिवाय ओल्या फडक्याने पानांवरची धूळ पुसा, पिवळी पाने काढा आणि कुंडी पाव फेरा फिरवा, म्हणजे झाड एकाच बाजूला वाकत नाही. पानांच्या मागे कापसासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. ओल्या कापडाने तो पुसून काढा आणि ती कुंडी काही दिवस वेगळी ठेवा. सारे मिळून पंधरा मिनिटांचे काम आहे. खत दोन महिन्यांतून एकदा मूठभर गांडूळखत, एवढे पुरे.

पावसाळ्यात माती आठवडाभरही ओली राहते, उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत सुकते. म्हणून पाणी कॅलेंडर पाहून घालू नये, बोट सांगेल तसे घालावे.

झाड आपली तक्रार पानांतून सांगते. माती ओली आणि पाने पिवळी, मऊ झाली तर पाणी जास्त झाले. माती कोरडी आणि पानांच्या कडा करपल्या तर पाणी कमी पडले. वेल लांबच लांब वाढली आणि पाने बारीक, दूर दूर आली तर उजेड कमी आहे.

दोन गोष्टींत हयगय नको

पहिली गोष्ट डासांची. डेंग्यूचे डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात आणि उबदार दिवसांत आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. मनी प्लांटची बाटली आणि कुंडीखालची ताटली ही त्यांची आवडती ठिकाणे. अंडी पाण्याच्या कडेला भिंतीला चिकटून राहतात. त्यामुळे नुसते पाणी बदलून भागत नाही. कूलरची टाकी घासावी तशी दर रविवारी बाटली आणि ताटली आतून घासून घ्यावी.

दुसरी गोष्ट लहान मुलांची. मनी प्लांट हा अळूच्या कुळातला. कच्चा अळू खाजतो तसे मनी प्लांटचे पान चावल्यास तोंडाची आग होते. स्नेक प्लांटचे पान पोटात गेल्यास उलट्या होऊ शकतात. रांगते मूल असेल तर ही झाडे उंच टांगावीत. मुलाने पान चावलेच तर तोंड पुसून पाणी पाजावे. सूज आली किंवा श्वासाला त्रास वाटला तर लगेच दवाखाना गाठावा.

ऐकीव गोष्टी

मनी प्लांट चोरून आणला तरच लागतो आणि घरात पैसा येतो, असे म्हणतात. ही वेल मूळची पॅसिफिक महासागरातल्या मोरेआ बेटावरची. तिला लागते पेर, पाणी आणि उजेड. मागून आणलेली फांदीही तितकीच फुटते.

रात्री झाड घरातला प्राणवायू खाते, ही भीतीही व्यर्थ आहे. खोलीत झोपलेले एक माणूस कुंडीतल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त प्राणवायू वापरते.

उलट, झाडाने घरातली हवा शुद्ध होते असेही सांगून महागड्या कुंड्या विकल्या जातात. अमेरिकेच्या नासा संस्थेचा 1989 सालचा प्रयोग बंद पेटीतला होता. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात, खऱ्या घरात चार-दोन कुंड्यांचा असा उपयोग नगण्य असल्याचे दिसून आले. हवेसाठी खिडकी उघडावी, झाड आनंदासाठी लावावे.

आमची एक विनंती आहे. घरातली एक कुंडी मुलीच्या स्वाधीन करा. महिन्याचे तीसही दिवस बोट तिनेच घालावे, पाणी तिनेच द्यावे, पाळीच्या दिवसांतही. वहीत तारीख आणि नवे पान कधी फुटले ते लिहून ठेवायला सांगा. दोन-तीन महिन्यांनी ती वही घरातल्या थोरामोठ्यांपुढे ठेवा. कोणाशी वाद घालायची गरज उरणार नाही.